चार रेड इंक एंट्री आणि डिस्चार्ज: दाद कुठे मागायची, पेन्शन आणि डीएससीचं काय होणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातला एक जवान, इन्फन्ट्रीत १३ वर्षं ४ महिने सेवा. रजेवरून उशिरा परतल्याच्या चार रेड इंक एंट्री (सेवा-नोंदीत लाल शाईने चढलेल्या शिक्षा) झाल्या, शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली, त्याने दोन ओळींचं उत्तर दिलं आणि पुढच्या महिन्यात ‘अनडिझायरेबल’ (सेवेत नकोसा) ठरवून त्याला घरी पाठवलं. डिस्चार्ज बुकात कॅरेक्टर ‘फेअर’ लिहिलं आहे. थोरला भाऊ विचारतो आहे: याच्यावर अपील होतं का, पेन्शन मिळू शकते का, आणि डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, माजी सैनिकांना पुन्हा घेणारं दल) पुन्हा भरती होता येईल का?

अपील होतं. पेन्शनची आशा धरायला जागा आहे. डीएससीचं दार मात्र आजच्या कागदांवर बंद आहे आणि डिस्चार्जचं कारण बदलल्याशिवाय ते उघडणार नाही. त्यामुळे तीन प्रश्न वेगळे दिसले तरी लढाई एकच आहे, ती डिस्चार्ज ऑर्डरशी.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. ‘माझा भाऊ चांगला जवान होता’ हे आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये (सैन्यदलातल्या सेवेचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) सिद्ध करायचं नसतं. ते ठरवायला कुणी बसलेलं नसतं. तिथे तपासलं जातं ते एवढंच: ऑर्डर काढणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, नियमाने सांगितलेली पावलं उचलली का, आणि सही करताना जे विचारात घ्यायला हवं होतं ते घेतल्याचं कागदावर दिसतं का. निम्मे अर्ज पलटणीत कसा अन्याय झाला आणि कोण कसं बोललं हे सांगण्यात संपतात. मुद्द्याचे कागद जोडलेलेच नसतात.

पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज नेमका कोणत्या कलमाखाली झाला ते वाचणं. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम २३ प्रमाणे सेवा संपवताना सीओने (कमांडिंग ऑफिसर, पलटणीचा प्रमुख) सर्टिफिकेट द्यायचं असतं, आणि त्यात तीन गोष्टी हव्यातच: सेवा कुणाच्या अधिकाराने संपवली, कारण काय, आणि एकूण सेवा किती. हे सर्टिफिकेट इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ‘कारण’ या रकान्यातली ओळ अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. तुमच्या भावाच्या बाबतीत तिथे आर्मी रूल्स १९५४, नियम १३(३), तक्त्यातल्या रोमन तीनचं पाचवं पोटकलम असं असणार. बाकी कुठल्याच खान्यात न बसणारे डिस्चार्ज या पोटकलमात टाकतात.

कलम वेगळं असेल तर रस्ताही वेगळा. समरी कोर्ट मार्शलने (सीओने चालवलेल्या लष्करी खटल्यात) बडतर्फ केलं असेल तर आधी आर्मी अॅक्टच्या कलम १६४ खाली पिटिशन आणि मग ट्रायब्युनल अॅक्टच्या कलम १५ चं अपील. कलम २० आणि नियम १७ खाली डिसमिस केलं असेल तर तो प्रशासकीय हुकूम, त्याला ट्रायब्युनल अॅक्टच्या कलम १४ चा अर्ज. रिक्रूट असेल आणि कसम परेड झाली नसेल, म्हणजे अटेस्टेशन झालेलं नसेल, तर रोमन चारचा गट लागतो. तिथे ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ एवढ्यावर सीओ घरी पाठवू शकतो, म्हणून लढायला जागा फार कमी असते. मेडिकल कारण असेल तर रोमन तीनचं तिसरं पोटकलम; त्याविषयी पुढे.

डिसमिस आणि डिस्चार्ज हे शब्द गावात एकाच अर्थाने वापरतात, पण पेन्शनच्या हिशेबात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिसमिस झालेल्याची आधीची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. अॅक्ट आणि रूल्सखाली डिस्चार्ज झालेल्याचा, पुरेशी सेवा असेल तर, पेन्शन किंवा ग्रॅच्युइटीचा हक्क राहतो. तुमच्या भावाचा डिस्चार्ज आहे. सगळी मांडणी याच पायावर उभी राहणार आहे.

आता गाभ्याकडे. रोमन तीन-पाचखाली डिस्चार्जचा हुकूम देण्याचा अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा आहे, सीओचा नाही. सीओ शिफारस करतो, पलटण ऑर्डर कळवते, पण मंजुरीची सही ब्रिगेडियरची हवी. आणि परिस्थिती परवानगी देत असेल तर आधी जवानाला शो कॉज द्यावी, असं नियमातच आहे. शांत स्टेशनवर, रोज हजेरीला उभ्या असलेल्या जवानाच्या बाबतीत ‘परिस्थिती नव्हती’ असं म्हणता येत नाही.

त्या जोडीला आर्मी हेडक्वार्टर्सचं २८ डिसेंबर १९८८ चं पॉलिसी लेटर आहे, अनडिझायरेबल आणि अकार्यक्षम जेसीओ-ओआर (ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी आणि त्याखालचे जवान) यांना काढण्याच्या पद्धतीबद्दल. ते मिळवून पूर्ण वाचाच. त्यात सांगितलं आहे की शिफारस करण्याआधी निष्पक्ष चौकशी व्हावी, आरोपांना उत्तर द्यायची संधी जवानाला मिळावी, आणि मगच शो कॉज. रेड इंकबद्दल तर ते अगदी स्पष्ट आहे: चार एंट्री झाल्या म्हणून डिस्चार्ज करणं बंधनकारक नाही, कायद्याची तशी गरजही नाही. प्रत्येक एंट्री कोणत्या गुन्ह्यासाठी होती ते पाहावं, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये, लांब सेवा, हार्ड स्टेशन आणि खडतर राहणीमान लक्षात घ्यावं, आणि सेवेच्या हितासाठी अगदी आवश्यक असेल तेव्हाच डिस्चार्ज करावा.

‘चार झाल्या की घरी’ हे पलटणीत इतकं रुजलेलं आहे की जवान स्वतःच हार मानून सही करून मोकळा होतो. पॉलिसीत तसं नाही. ‘फोर रेड इंक, हेन्स डिस्चार्ज्ड’ एवढ्याच आशयाची ऑर्डर असेल, तर ती या पत्रापुढे लंगडी पडते.

सुप्रीम कोर्टाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘वीरेंद्रकुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख’ या निकालात हेच धरलं. चौकशी न करता, फक्त शो कॉज देऊन चार एंट्रीवर काढणं पॉलिसीला धरून नाही, म्हणून डिस्चार्ज रद्द झाला. दिलासा कसा दिला तेही नीट पाहा: पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो सेवेत होता असं मानलं, मधल्या काळाचा पगार दिला नाही, पण सेवेचं सातत्य आणि पेन्शन दिली. तुमच्या अर्जातली मागणी या साच्यात बसली पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही, कारण सरकारी वकील तीच पुढे करणार. २ सप्टेंबर २०१९ च्या ‘सतगुर सिंग विरुद्ध भारत सरकार’ निकालात सुप्रीम कोर्टाने डिस्चार्ज कायम ठेवला. तिथे जवान वारंवार गैरहजर राहिलेला होता. कोर्ट म्हणालं की पॉलिसीतली चौकशी म्हणजे कोर्ट ऑफ एन्क्वायरी (औपचारिक लष्करी चौकशी मंडळ) नव्हे. शो कॉज दिली, त्याने उत्तरात कौटुंबिक अडचणींचं मोघम कारण दिलं, म्हणजे त्याला संधी मिळाली. २०२३ मध्ये तर १०८ दिवस रजा ओलांडलेल्या एका जवानाची समरी कोर्ट मार्शलने केलेली बडतर्फीही कोर्टाने कायम ठेवली. गैरहजेरीबद्दल कोर्टाचा सूर आता कडक आहे. ‘दुबे निकाल आहे, काम झालंच’ असं कुणी सांगत असेल तर त्याने नंतरचे निकाल वाचलेले नाहीत.

दुबे आणि सतगुर सिंग या दोन निकालांमध्ये तुमची केस कुठे बसते, हे चार एंट्रींच्या तपशिलावरून ठरेल. त्यासाठी एका कागदावर तक्ता करा. प्रत्येक एंट्रीसमोर तारीख, कलम, किती दिवस उशीर, शिक्षा, तेव्हाचं स्टेशन, उशिराचं कारण आणि त्या कारणाचा पुरावा. समजा पहिली एंट्री सहाव्या वर्षातली, ४ दिवसांचा उशीर, कलम ३९, ७ दिवसांची सजा. दुसरी नवव्या वर्षातली, ११ दिवस, वडिलांचं निधन, मृत्यूचा दाखला आहे. तिसरी त्याच पोस्टिंगमधली, २३ दिवस, २८ दिवसांची सजा, कारणाचा कागद नाही. चौथी बाराव्या वर्षातली, ६ दिवस, पत्नीचं सिझेरियन, डिस्चार्ज कार्ड आहे. असा तक्ता समोर आला की चारही एंट्री एकाच प्रकारच्या, त्यातल्या तीन अल्प मुदतीच्या, दोन कागदाने सिद्ध होणाऱ्या कारणांच्या, आणि शस्त्र, दारू, मारामारी, चोरी यातलं काहीच नाही, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. तिसरी एंट्री लपवू नका. ती कमजोर आहे हे मान्य करून बाकीच्या तिघींवर भर द्या.

एंट्री खरोखर लाल आहे का, तेही बघा. कैद, डिटेन्शन, एनसीओला (नाईक, हवालदार) मिळालेली सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) यांची नोंद लाल शाईत होते. लाइन्समध्ये बंदी किंवा जादा गार्ड यांची काळ्या. हाताने चार मोजलेल्या असतात आणि शीट रोलमध्ये (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात) त्यातली एक काळी निघते. कलम ८० खाली सीओ जास्तीत जास्त २८ दिवसांची शिक्षा देऊ शकतो. त्याहून मोठा आकडा दिसला तर मूळ कागद मागवा. शिक्षेआधी नियम २२ प्रमाणे आरोप जवानाच्या समोर ऐकला होता का, त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले होते का, हेही तपासण्यासारखं आहे. मात्र आठ वर्षं जुनी एंट्रीच रद्द करा अशी स्वतंत्र मागणी करू नका. मुदतीच्या मुद्द्यावर ती पडते आणि पडताना चांगल्या मुद्द्यांनाही सोबत घेऊन जाते.

कागद मिळवायचा सरळ मार्ग माहितीचा अधिकार. सेना त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात नाही. बीएसएफ, सीआरपीएफ आणि आसाम रायफल्स आहेत, म्हणून ‘फौजेला आरटीआय लागू नाही’ हा गैरसमज पसरला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. एक अर्ज रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) आणि एक नवी दिल्लीच्या आर्मी हेडक्वार्टर्समधल्या सीपीआयओला (माहिती अधिकाऱ्याला) करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला. ‘माझी सर्व कागदपत्रं द्या’ असं लिहिलं की हमखास ‘विशिष्ट माहिती मागा’ असं उत्तर येतं. नावानिशी मागा: शीट रोलची प्रत, कंडक्ट शीट, चारही शिक्षांची चार्जशीट आणि पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीतला बदल कळवणारा हुकूम), १९८८ च्या पॉलिसीप्रमाणे झालेल्या चौकशीचे कागद, शो कॉज नोटीस, तिचं उत्तर, सीओची शिफारस, ब्रिगेड कमांडरची मंजुरी, आणि रिलीज मेडिकल बोर्ड (सेवा सोडतानाची वैद्यकीय तपासणी). ‘चौकशीचे कागद उपलब्ध नाहीत’ असं लेखी उत्तर आलं तर ते सोन्याच्या मोलाचं आहे. अर्जाला तेच पहिलं परिशिष्ट लावा. आणि उशीर करू नका. पेन्शन नसलेल्याची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, पलटणीतले किरकोळ कागद तर त्याच्या कितीतरी आधी जातात.

आता मुदत. केसेस सर्वांत जास्त इथेच मरतात. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल अॅक्ट २००७ च्या कलम २१ प्रमाणे, आधी खात्यातले उपाय वापरून झाल्याशिवाय ट्रायब्युनल साधारणपणे अर्ज घेत नाही. कलम २२ प्रमाणे अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत अर्ज हवा. तुम्ही केलेल्या अर्जावर ६ महिन्यांत निर्णयच आला नाही, तर ते ६ महिने संपल्यावर पुढच्या ६ महिन्यांत. नोकरीत असलेल्याला आर्मी अॅक्टच्या कलम २६ ची तक्रार करता येते. डिस्चार्ज झालेल्याने लष्करप्रमुखांच्या नावे अर्ज लिहून रेकॉर्ड ऑफिसमार्फत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. हिशेब असा: ३१ मार्चला डिस्चार्ज झाला, ३० एप्रिलला अर्ज पोचला, ३० ऑक्टोबरपर्यंत उत्तर नाही, तर पुढच्या ३० एप्रिलच्या आत ट्रायब्युनलमध्ये. डिस्चार्जनंतरच्या अशा अर्जाने मुदत पुढे जात नाही, अशी हरकत सरकारी बाजू घेते. म्हणून जरा जरी शंका असली तरी विलंबमाफीचा अर्ज शपथपत्रासह सोबत जोडाच.

त्यानंतर स्मरणपत्रामागून स्मरणपत्र पाठवत बसलात तर मुदत वाढत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलं आहे. पंतप्रधान कार्यालय, तक्रार पोर्टल, आमदारांचं शिफारसपत्र यात दोन-दोन वर्षं घालवलेली कुटुंबं पाहून वाईट वाटतं. तिथून येणारं उत्तर रेकॉर्ड ऑफिसचंच असतं: ‘नियमानुसार डिस्चार्ज केला आहे.’ पेन्शनचा हक्क असताना ती न मिळणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक धरतात. तिथे उशीर माफ होतो, थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. डिस्चार्ज ऑर्डर एकदाच होते. तिला ही सवलत नाही.

तुमच्या भावासाठी बेंच मुंबईची. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात तिच्याकडे येतात, आणि सेवा संपलेल्या माणसाला तो राहतो तिथल्या बेंचकडे जाता येतं. शेवटचं पोस्टिंग राजौरीला होतं म्हणून जम्मू-श्रीनगर गाठावं लागत नाही. बेंचवर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो. प्रशासकीय सदस्य सेनेच्या वरच्या हुद्द्यावरून आलेले असतात. त्यांना पलटणीतली शिस्त, ओव्हरस्टेचा (रजा ओलांडण्याचा) त्रास, हार्ड स्टेशन सगळं ठाऊक असतं. त्यांच्यापुढे भावनेपेक्षा तारखा आणि सही-शिक्के बोलतात. वकील न लावता स्वतः उभं राहता येतं, पण या विषयाची सवय असलेला वकील असावा हे माझं स्पष्ट मत आहे. दिवाणी कोर्टातले चांगले वकीलही पॉलिसी लेटर जोडायला विसरतात. तलाठ्याचे दाखले, सरकारी दवाखान्याचे मराठी कागद यांचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा, नाहीतर पुढच्या तारखेला तेवढ्याच कारणावर परत फिराल.

मागण्या लिहिताना पायऱ्या करा. आधी अमुक तारखेची डिस्चार्ज ऑर्डर रद्द करावी आणि पुन्हा सेवेत घ्यावं. ते शक्य नसेल तर पर्यायाने, पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो सेवेत होता असं मानून पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि थकबाकी द्यावी. मग डिस्चार्जचं कारण आणि कॅरेक्टर दुरुस्त करून नवं डिस्चार्ज बुक द्यावं. ही शेवटची मागणी बहुतेक अर्जांत नसते. मग पेन्शन सुरू होते आणि ‘अनडिझायरेबल’ हा शब्द जन्मभर कागदावर राहतो. नागरी नोकरीत माजी सैनिकाच्या राखीव जागेसाठी गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेवरून काढलेला माणूस चालत नाही, म्हणून ही ओळ पैशाइतकीच महत्त्वाची आहे.

पेन्शनचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. जवानाला १५ वर्षांची पात्र सेवा लागते. कमी पडणारी सेवा माफ करण्याची सोय १२ महिन्यांपर्यंतच आहे. १३ वर्षं ४ महिने म्हणजे २० महिने कमी. त्या सोयीने तुमचं काम होत नाही. शिवाय गैरहजेरीचे बिनपगारी दिवस आणि कैदेचे दिवस पात्र सेवेतून वजा होतात, म्हणजे प्रत्यक्ष आकडा १३ वर्षं २ महिन्यांच्या आसपास निघू शकतो. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसला ‘माफी द्या’ म्हणून अर्ज करण्यात वेळ घालवू नका. ऑर्डर रद्द होणं हाच रस्ता. ज्याची सेवा १४ वर्षांच्या पुढे गेली आहे त्याने मात्र माफीचा अर्ज आधी करावा, तो स्वस्त आणि लवकर होणारा उपाय आहे.

ज्यांना अजून फक्त शो कॉज आली आहे त्यांच्यासाठी इथे थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त फरक त्याच टप्प्यावर पडतो. ‘घरगुती अडचणीमुळे उशीर झाला, पुन्हा होणार नाही, माफी असावी’ हे उत्तर म्हणजे पुढच्या केसचा कबुलीजबाब आहे. सतगुर सिंग निकालात नेमकं असंच उत्तर आडवं आलं. उत्तर असं हवं: ‘१२ जूनला आईचा खुब्याचा सांधा मोडला, कराडच्या रुग्णालयात १३ जूनला ऑपरेशन झालं, केसपेपर जोडला आहे. घरात दुसरा पुरुष नाही, सरपंचांचा दाखला जोडला आहे. १४ जूनला कंपनी कमांडर साहेबांना फोन केला, त्याच दिवशी रजा वाढवण्याचा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, पावती जोडली आहे. २० जूनला स्वतः हजर झालो, कुणी पकडून आणलं नाही.’ असे चारही एंट्रींचे चार परिच्छेद. त्यानंतर एक परिच्छेद सेवेचा: कुठल्या फील्ड आणि हाय अल्टिट्यूड पोस्टिंग केल्या, राष्ट्रीय रायफल्समध्ये किती काळ होता, कोणती मेडल्स, कोणते कोर्स. शेवटी १९८८ च्या पॉलिसीचा तारखेसह उल्लेख, पेन्शनला किती महिने उरले ते आकड्यात, आणि प्रत्यक्ष म्हणणं मांडू द्यावं अशी विनंती. उत्तराला वेळ कमी दिला असेल तर मुदतवाढ लेखी मागा. नोटीस इंग्रजीत आली आणि मजकूर कळला नाही, तर तसंही लेखी द्या. उत्तराची प्रत घरी पाठवल्याशिवाय मूळ देऊ नका.

आणि एक सापळा ओळखा. ‘तू स्वतःहून डिस्चार्ज मागतोस असं लिहून दे, कागद स्वच्छ राहील’ असं कधी कधी सांगितलं जातं. तो रोमन तीनच्या चौथ्या पोटकलमाचा डिस्चार्ज, ओन रिक्वेस्ट. पाच-सहा वर्षं सेवा झालेल्या, खरोखर फौजेत मन न रमणाऱ्या मुलासाठी तो वाईट सौदा नाही. निदान ‘अनडिझायरेबल’ लागत नाही. पण बारा-तेरा वर्षं झालेल्याने ती सही केली की पेन्शन गेली आणि लढायचा मुद्दाही गेला. सही दबावाखाली घेतली हे नंतर सिद्ध करणं फार अवघड असतं.

रजेवर असताना आजारी पडलात तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला रिपोर्ट करा: पुण्याचं कमांड हॉस्पिटल, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, बेळगाव. ते लांब असेल तर सरकारी दवाखाना, आणि त्याच दिवशी पलटणीला कळवा. खाजगी डॉक्टरने मागाहून लिहून दिलेलं ‘२१ दिवस बेड रेस्ट’ कुणी मानत नाही. गैरहजेरीला ३० दिवस झाले की आर्मी अॅक्टच्या कलम १०६ खाली कोर्ट ऑफ एन्क्वायरी बसते, आणि पोलिसांकडे अप्रिहेन्शन रोल (पकडून देण्याबद्दलचं पत्र) त्याआधीही येऊ शकतो. त्यानंतर घरच्यांनी मुलाला लपवून ठेवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. स्वतःहून हजर झालेला आणि पकडून आणलेला, दोघांना मिळणाऱ्या वागणुकीत मोठं अंतर असतं.

मेडिकल कारणाने डिस्चार्ज झालेल्यांबद्दल थोडक्यात. लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाला सेवेसाठी अयोग्य म्हणून काढायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची (सेवेस अयोग्य ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाची) शिफारस हवी. ती नसताना काढलेला डिस्चार्ज ‘राजपाल सिंग’ निकालात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २००८ मध्ये चुकीचा ठरवला. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेमुळे झाला असं मानायचं, हे २०१३ च्या ‘धरमवीर सिंग’ निकालाचं तत्त्व. डिसअॅबिलिटी पेन्शन नाकारली तर पहिलं अपील ६ महिन्यांत अपिलीय समितीकडे, मग दुसरं, मग ट्रायब्युनल.

आता डीएससी. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये माजी सैनिकांची पुन्हा भरती होते. रेकॉर्ड कन्नूरला आहे. तिथे कॅरेक्टर ‘एक्झेम्प्लरी’ किंवा ‘व्हेरी गुड’ लागतं, मेडिकल शेप-वन (पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी) लागते, वयाची आणि डिस्चार्जनंतर गेलेल्या काळाची मर्यादा असते, आणि रेड इंक एंट्री मोजल्या जातात. ‘फेअर’ आणि ‘अनडिझायरेबल’ या दोन शब्दांवर अर्ज पहिल्या टेबलावरच परत येईल. प्रादेशिक सेनेच्या इको बटालियन, जशी छत्रपती संभाजीनगरची महार रेजिमेंटशी जोडलेली १३६, मुख्यतः माजी सैनिकांना घेतात, पण तिथेही कॅरेक्टर आधी पाहतात. पुन्हा भरती हा हक्क नाही. अटी पूर्ण असताना डावललं तर दाद मागता येते, अट शिथिल करा म्हणून नाही. त्यातून केस निकाली निघेपर्यंत वयाची मर्यादा उलटून जाण्याची शक्यता मोठी आहे. भावाला स्पष्ट सांगा की केस पेन्शनसाठी आणि नावावरचा ठपका पुसण्यासाठी लढायची. डीएससीच्या आशेवर हातातलं काम सोडून बसू नये.

ट्रायब्युनलने अर्ज फेटाळला तर सुप्रीम कोर्टात जाण्याचा दरवाजा अरुंद आहे: सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो, आणि तो वैयक्तिक डिस्चार्जच्या केसमध्ये सहसा निघत नाही. पण ‘परशोतम दास’ निकालात सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केलं की ट्रायब्युनलच्या निर्णयाविरुद्ध हायकोर्टात रिट करता येतं. आपल्याकडे ते मुंबई हायकोर्ट. तिथे पुरावा नव्याने तपासत नाहीत, म्हणून जो कागद लावायचा तो ट्रायब्युनलमध्येच लावून ठेवा. हाच रस्ता सरकारलाही खुला आहे हे विसरू नका.

भाऊ सेनेत नसून सीआरपीएफ, बीएसएफ किंवा सीआयएसएफमध्ये असता तर यातलं काहीच लागू झालं नसतं. त्यांना ट्रायब्युनल नाही, खात्यातलं अपील आणि मग हायकोर्ट. नौदल आणि हवाई दलाला ट्रायब्युनल आहे, फक्त कायदा आणि नियम त्यांचे स्वतःचे.

निकाल बाजूने लागला तर सही-शिक्क्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला लगेच पाठवा. ट्रायब्युनल अंमलबजावणीला ठरावीक महिने देतं. ती मुदत टळली तर अंमलबजावणीसाठी त्याच बेंचकडे अर्ज करा, नवी केस नको. रेकॉर्डकडून प्रकरण प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) ‘स्पर्श’ पोर्टलवर निघतो. डिस्चार्जच्या वेळी घेतलेली सर्व्हिस ग्रॅच्युइटी थकबाकीतून वळती होते, तो आकडा आधीच काढून ठेवा. आधार, बँक खातं आणि शीट रोलमधलं नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव जुळतं का ते आत्ताच पाहा. लग्नाची पार्ट टू ऑर्डर झाली नसेल किंवा माहेरचं नावच राहिलं असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचे कागद केस चालू असतानाच तयार करून घ्या.